पाहुणा स्वार

मोटारसायकलींच्या शर्यतींविषयी बोलतांना आमचे विद्यार्थी ‘वाइल्ड कार्ड’ हा शब्द वारंवार उच्चारितात. परंतु त्याचा अर्थ विचारिला असता बहुतेकांस तो नीट सांगता येत नाही. म्हणून तो येथे उलगडून दाखविण्याचे आम्ही योजिले आहे.

जागतिक अजिंक्यपदाच्या शर्यतींस ग्रांप्री म्हणतात. त्या वर्षभर निरनिराळ्या देशांत होतात व त्यांतील स्वार हंगामाच्या आरंभीच ठरलेले असतात. तथापि एखाद्या शर्यतीपुरते बाहेरच्या स्वारास घेण्याची मुभा नियमांत आहे. जेथे शर्यत भरते तेथील राष्ट्रीय संघटनेस आपल्या देशातील स्वाराचे नाव सुचविता येते. असा पाहुणा स्वार म्हणजे वाइल्ड कार्ड. मात्र आमंत्रण आले म्हणजे पंक्तीत पान मांडलेच असे नाही. सरावात ठरावीक वेग दाखवावाच लागतो. दीर्घकाळ ही मर्यादा 107 टक्के होती. म्हणजे सर्वांत वेगवान स्वाराने एक फेरी 100 सेकंदांत पुरी केली, तर पाहुण्याने ती 107 सेकंदांच्या आत पुरी करावी, एरवी घरी परतावे.

अशा पाहुण्यांनी काय करून दाखविले ते जपानात पाहावे. 1994 साली सुझुका येथे नोरिफुमी आबे हा 18 वर्षांचा मुलगा 500 सीसी वर्गात पाहुणा म्हणून उतरला, जगातील धुरीण स्वारांशी अग्रस्थानासाठी झुंजला, आणि थोड्याच फेऱ्या उरल्या असता पडला. 1996 साली तीच शर्यत त्याने जिंकली. पुढल्याच वर्षी तेथे दाईजिरो काटो याने पाहुणा म्हणून येऊन 250 सीसी वर्गात पहिला क्रमांक पटकाविला. यास दैव म्हणावे काय? आबे हा 1993 साली आपल्या देशाचा 500 सीसी वर्गातील विजेता झालेला होता. आणि सुझुकाचा वर्तुळमार्ग तर 1962 पासून जपानी स्वारांच्या अंगवळणी पडलेला. पाहुणे म्हटले तरी ते घरचेच होते.

आता आपल्याकडे वळू. मुंबईच्या महिंद्र कंपनीचा संघ 2011 साली 125 सीसी वर्गात जागतिक शर्यतींत उतरला. 2016 साली हॉलंडमधील आसेन येथे तिच्या यंत्राने पहिला विजय मिळविला. स्वार होता इटलीचा फ्रान्चेस्को बान्याया. हाच पुढे 2022 व 2023 साली सर्वोच्च वर्गाचा जगज्जेता झाला. 2024 चा जगज्जेता स्पेनचा होर्हे मार्तिन हाही पूर्वी महिंद्रवरच बसत असे. 2017 च्या अखेरीस कंपनी या क्षेत्रातून निघाली. चेन्नईचा सरथ कुमार 2011 साली दुसऱ्या एका संघातून 125 सीसी वर्गात उतरला होता. परंतु आपल्या यंत्रावर आपला स्वार जिंकला, असे दृश्य दिसले नाही.

याचे कारण उघड आहे. द्रव्य व कुशल अभियंते मिळाले की यंत्र काही वर्षांत सिद्ध होते. स्वार मात्र लहानपणापासून घडवावा लागतो. युरोपात सहासात वर्षांची मुले चिमुकल्या यंत्रांवर बंदिस्त मार्गावर शिकू लागतात. आपल्याकडील मोठे वर्तुळमार्ग चेन्नई, कोइमतूर व ग्रेटर नोएडा येथे. ग्रेटर नोएडास 2023 साली भारतातील पहिली मोटारसायकल ग्रांप्री झाली. नवी मुंबईच्या मुलास चेन्नई गाठावयाची तर सुमारे 1300 किलोमीटरांचा प्रवास.

मग काही मुले जवळचा पाम बीच मार्ग धरितात, आणि येथेच आमच्या काळजीचा विषय येतो. वर्तुळमार्गावर सर्वजण एकाच दिशेने जातात; पडणाऱ्यास घसरत जाण्यास मोकळी जागा असते; धोक्याची निशाणे दाखविणारे पंच व वैद्य सज्ज असतात. रस्त्यावर यांपैकी काहीच नसते. असतो तो दुभाजक, दिव्याचा खांब आणि कामावरून घरी परतणारा कोणी निरपराध मनुष्य. पालकांनीही ध्यानात ठेवावे की, 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालकास वा वाहनमालकास तीन वर्षांपर्यंत कारावास व 25,000 रुपये दंड होऊ शकतो.

ज्यास वेगाची खरी आवड आहे, त्याने ती लपवू नये; घरी सांगावी. आणि पालकांनीही नुसते रागे न भरता, शिरस्त्राण, शिक्षक व बंदिस्त मार्ग या तिन्हींची सोय कोठे होईल याचा शोध मुलासह घ्यावा. आबे पडला तो अशाच मार्गावर. म्हणूनच दोन वर्षांनी त्यास तेथे जिंकता आले.