बचावाचे वस्ताद

फुटबॉल म्हटले की आपल्याकडे कोल्हापूरच्या पेठापेठांतील सामने डोळ्यांसमोर येतात. आज ज्या खेळाविषयी आम्ही बोलणार आहोत, तो याहून अगदी निराळा. अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात त्यात चेंडू लांबट असतो, आणि तो बहुधा हातात धरून पळावयाचा किंवा हाताने फेकावयाचा असतो. मैदान शंभर यार्डांचे. चेंडू ज्या संघाकडे, त्याने चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावयाचे. साधले तर आणखी चार प्रयत्न. न साधले तर चेंडू दुसऱ्याकडे. आपल्या कबड्डीत चढाई करून आलेला गडी पकड करायलाही उभा राहतो. तेथे तसे नाही. एकाच संघात चढाईचे अकरा वेगळे आणि अडविणारे अकरा वेगळे. कॉलेजच्या संघांत या अडविणाऱ्यांना जो तयार करतो, त्या प्रशिक्षकाचा पेशा कसा घडतो, हा आजचा विषय.

कोणी विचारील, कामगार चळवळीतल्या माणसाला याच्याशी काय कर्तव्य? शाळा आमची लवकर सुटली. पुढचे शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात. तेथे एक खोड लागली. कोणताही पेशा दिसला की आम्ही तीन प्रश्न विचारतो. आत शिरकाव कसा होतो? मजुरी कोण ठरवितो? आणि नोकरी कशाने जाते?

प्रथम शिरकाव पाहू. या पेशातली बहुतेक माणसे स्वतः कॉलेजात खेळलेली असतात. त्यांची पहिली पायरी म्हणजे 'ग्रॅज्युएट असिस्टंट'. हा पदव्युत्तर वर्गात नाव घातलेला उमेदवार. फी माफ आणि हाती थोडे विद्यावेतन. प्रतिपक्षाच्या जुन्या सामन्यांचे चित्रण पाहायचे, त्यांच्या चाली कागदावर काढायच्या आणि सरावात त्या आपल्या मुलांपुढे मांडायच्या, हे त्याचे काम. दुसरी पायरी एका फळीच्या प्रशिक्षकाची. कोणाकडे पुढची फळी, कोणाकडे मधली, कोणाकडे मागची. शिवाय गावोगावच्या शाळांत हिंडून होतकरू मुले कॉलेजात आणणे हेही त्याच्याच गळ्यात. तिसरी पायरी संपूर्ण बचावाच्या सूत्रधाराची. समोरचे अकरा कसे उभे राहिले हे पाहून आपल्या अकरांनी काय करावे, याचा निर्णय त्याला काही सेकंदांत द्यावा लागतो. चौथी पायरी मुख्य प्रशिक्षकाची. तेथवर पोचणारे थोडे.

निक सेबन यांचे उदाहरण घेऊ. 1951 साली जन्मलेले हे गृहस्थ वेस्ट व्हर्जिनियातील कोळसा खाणींच्या मुलखात वाढले. त्याच मुलखात 1968 साली फार्मिंग्टनच्या खाणीत स्फोट होऊन 78 कामगार दगावले आणि त्यानंतर 1969 चा खाण सुरक्षेचा कायदा आला. वडिलांचा पेट्रोलपंप होता. मुलाने धुतलेल्या मोटारीवर एक रेघ राहिली तरी ते ती पुन्हा धुवायला लावीत, अशी आठवण सेबन सांगतात. केंट स्टेट विद्यापीठात ते मागच्या फळीत खेळले आणि 1973 साली तेथेच उमेदवार म्हणून लागले. त्यानंतर सिराक्यूज, वेस्ट व्हर्जिनिया, ओहायो स्टेट, नेव्ही, मिशिगन स्टेट आणि ह्यूस्टनचा व्यावसायिक संघ. ओहायो स्टेटमधून तर 1981 च्या हंगामानंतर त्यांना काढून टाकले होते. 1990 साली टोलेडो येथे ते प्रथम मुख्य प्रशिक्षक झाले. म्हणजे सतरा वर्षांत सात नोकऱ्या! आणि लगेच 1991 साली एक पायरी खाली उतरून क्लीव्हलँडच्या व्यावसायिक संघाचा बचाव त्यांनी सांभाळला. पुढे कॉलेजांच्या मैदानावर त्यांनी सात राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळविली आणि 2024 च्या जानेवारीत ते निवृत्त झाले.

आता नोकरी कशाने जाते, ते पाहा. मुंबईच्या गिरण्यांत एके काळी जॉबर असे. तो आपली माणसे भरती करी आणि तो गेला की त्याची माणसेही बहुधा जात. या पेशातला मुख्य प्रशिक्षक म्हणजे तसाच जॉबर. त्याला कॉलेजने काढले की त्याचे सहायकही बिऱ्हाड आवरू लागतात. एखाद्याच्या फळीने कितीही चोख काम केलेले असो, चढाईची बाजू लंगडी पडली आणि सामने गेले, तर त्याच्याही घरातले सामान ट्रकवर चढते.

याला अपवाद आहेत. बड फॉस्टर हे मरे स्टेट येथे फ्रँक बीमर यांच्या हाताखाली तयार झाले आणि 1987 साली त्यांच्याबरोबरच व्हर्जिनिया टेक येथे गेले. 1995 पासून 2019 पर्यंत तेथला बचाव त्यांच्याकडे होता. पहिल्या वर्षी तेवढा जोडीने. 2006 साली उत्कृष्ट सहायकाचे ब्रॉइल्स पारितोषिक त्यांना मिळाले. त्यांच्या बचावाचे चिन्ह कोणते, तर कामगाराचा पत्र्याचा जेवणाचा डबा! डबा घेऊन पाळीवर जाणाऱ्या माणसासारखे खेळा, हा त्याचा अर्थ. 2015 च्या हंगामानंतर बीमर निवृत्त झाले, पण नव्या मुख्य प्रशिक्षकाने फॉस्टर यांना ठेवून घेतले. त्यांचे कसब मोठे होते यात शंका नाही. पण बीमर यांची खुर्ची इतकी वर्षे स्थिर राहिली नसती, तर ते कसब एका जागी रुजले असते काय?

राहिला मजुरीचा प्रश्न. 2007 साली अलाबामा विद्यापीठाने सेबन यांच्याशी आठ वर्षांसाठी 3 कोटी 20 लाख डॉलरचा करार केला. शिखरावरचा हा आकडा पाहून पायथ्याचे विसरू नये. कॉलेजांच्या राष्ट्रीय संघटनेने 1991 साली नियम केला की, बास्केटबॉलच्या खालच्या सहायकाला वर्षाला 16,000 डॉलरपेक्षा अधिक देऊ नये. सगळ्या मालकांनी मिळून मजुरी बांधून टाकली, एवढाच याचा अर्थ. काही सहायक एकत्र होऊन न्यायालयात गेले. 1995 साली नियम बेकायदा ठरला, 1998 साली वरच्या न्यायालयाने तो निर्णय उचलून धरला आणि 1999 साली संघटनेने 5 कोटी 45 लाख डॉलर देऊन तडजोड केली. खेळणाऱ्या मुलांना तर 2021 पर्यंत स्वतःच्या नावावर पैसे मिळविण्याचीही बंदी होती. कॉलेजांनी त्यांना थेट मोबदला देण्याची वाट 1 जुलै 2025 रोजी मोकळी झाली.

आम्ही हे सर्व का सांगत बसलो? गेट मीटिंगमध्ये आम्ही कित्येक वर्षे तरुणांना सांगत आलो की, बाबांनो, कसब शिका; कसबी माणसाला कोणी काढीत नाही. पुढे आमच्या डोळ्यांदेखत एक कारखाना बंद पडला. तीस वर्षे हात बसलेला फिटर आणि कालपरवा लागलेला हेल्पर त्या दिवशी एकाच फाटकाबाहेर उभे होते. त्या फिटरने आम्हांला विचारले, "दादा, तुम्हीच म्हणाला होतात ना?" तेव्हा आमच्याजवळ उत्तर नव्हते.

आज आहे, पण ते निम्मेच. कसब शिकावेच, सेबन आणि फॉस्टर यांना त्याच्यावाचून कोणी दारात उभे केले नसते. पण कसबाने दार उघडते, आत राहण्याची शाश्वती त्याने मिळत नाही. ती दुसऱ्याच्या खुर्चीला बांधलेली असते, मग मैदान असो वा कारखाना. म्हणून श्रोत्यांपैकी ज्यांची मुले उद्या कोणत्याही पेशात पाऊल टाकणार असतील, त्यांनी पगाराच्या जोडीला हेही विचारून घ्यावे की, येथून माणूस कशाने जातो, आणि तो जाऊ लागला तर त्याच्या बाजूला कोण उभे राहते.