जिवंतपणी मूत्रपिंडदान: गैरसमज आणि वस्तुस्थिती

किडनी निकामी झालेल्या रुग्णाला घरातलेच कोणी किडनी द्यायला पुढे आले, की बाकीचे धास्तावतात. एका किडनीवर माणूस कायमचा अधू होतो, त्याला जड काम जमत नाही, अशी समजूत घट्ट आहे. प्रत्यक्षात एक मूत्रपिंड काढल्यावर दुसरे आकाराने वाढते आणि एकूण कार्यक्षमता आधीच्या सुमारे दोन तृतीयांशापर्यंत पोचते. तेवढी रोजच्या जगण्याला आणि कष्टाच्या कामालाही पुरते. १९५४ मध्ये बोस्टन येथे रोनाल्ड हेरिक यांनी जुळ्या भावाला मूत्रपिंड दिले. मानवातले ते पहिले यशस्वी मूत्रपिंड प्रत्यारोपण. त्यानंतर रोनाल्ड ५६ वर्षे जगले.

याच्या उलट, दात्याला काहीच धोका नसतो, हे सांगणेही चुकीचे आणि दात्यावर अन्याय करणारे आहे. शस्त्रक्रिया आता बहुतेक ठिकाणी दुर्बिणीतून होते. अमेरिकेतील मोठ्या पाहणीत शस्त्रक्रियेनंतरच्या नव्वद दिवसांत दगावलेल्या दात्यांचे प्रमाण दहा हजारांत सुमारे तीन होते. पुढे आयुष्यभरात स्वतःचे मूत्रपिंड निकामी होण्याची शक्यता दात्यांमध्ये दहा हजारांत ९०, तर तितक्याच निरोगी पण दान न केलेल्यांत १४ इतकी आढळली. म्हणजे धोका वाढतो, तरी एक टक्क्याच्या आतच राहतो. दानानंतर गरोदर राहणाऱ्या स्त्रीला रक्तदाबाचा त्रास होण्याची शक्यताही वाढते. भारतात जिवंत दात्यांमध्ये बहुसंख्य स्त्रियाच असतात, त्यामुळे ही माहिती त्यांना होकार देण्यापूर्वीच मिळायला हवी. टाके सुकले म्हणजे दाता मोकळा झाला, असेही नाही. रक्तदाब, लघवी आणि क्रिएटिनिनची तपासणी दरवर्षी, जन्मभर करावी लागते.

रक्तगट जुळला नाही म्हणून अनेक घरे आशा सोडतात. भारताच्या अवयव प्रत्यारोपण कायद्यातील २०११ च्या दुरुस्तीमुळे अशा दोन कुटुंबांना दात्यांची अदलाबदल करता येते: एका रुग्णाची पत्नी दुसऱ्या घरच्या रुग्णाला किडनी देते आणि त्या घरचा दाता पहिल्या रुग्णाला. शिवाय विशेष उपचार करून वेगळ्या रक्तगटाची किडनी बसवणेही शक्य झाले आहे.

दाता कोण होऊ शकतो, याबद्दलही गोंधळ असतो. पती-पत्नी, आईवडील, मुले, भावंडे, आजी-आजोबा आणि नातवंडे हे कायद्याने जवळचे नातेवाईक. सासू, सून, मेहुणा किंवा मित्र यांना प्राधिकार समितीची परवानगी लागते, आणि दानामागे पैशाचा व्यवहार नाही याची ती खात्री करून घेते. अवयव विकत घेणे व विकणे या दोन्हींसाठी ५ ते १० वर्षांच्या कैदेची तरतूद आहे. दाता सज्ञान असावा लागतो आणि शस्त्रक्रिया सुरू होईपर्यंत त्याला केव्हाही नकार देता येतो.