पहिला हशा

एकट्याने रंगमंचावर उभे राहून केवळ बोलण्याने श्रोत्यांस हसवावयाचे, या कलेस आज स्टँड-अप कॉमेडी म्हणतात. ती प्रथमच करून पाहावी असे मनात येताच बहुतेकांस भय वाटते. भय वाटणे ही अपात्रतेची खूण आहे काय?

अमेरिकन विनोदी लेखक मार्क ट्वेन हवाई बेटांहून परतल्यावर त्याने सॅन फ्रान्सिस्को येथे आपले पहिले मोठे जाहीर व्याख्यान देण्याचे योजिले. बहुतेक मित्रांनी त्यास परावृत्त केले. एका संपादकाने मात्र धीर दिला. चिंतेने आपली झोप उडाली होती, असे पुढे त्यानेच लिहिले आहे. म्हणून योग्य वेळी मोठ्याने हसण्याकरिता त्याने काही मित्रांस श्रोत्यांत बसविले. २ ऑक्टोबर १८६६ रोजी तो थरथरतच रंगमंचावर आला. नाट्यगृह भरले होते, आणि लोक पोट धरून हसले.

विद्यार्थिमित्रांनो, भय जाईपर्यंत थांबणारा कधीच उभा राहत नाही. आपले बोलणे नीट तयार करावे, विनोद प्रथम स्वतःवर करावा, दुबळ्यावर करू नये, आणि एखादा स्नेही समोर बसवावा. पालकहो, स्नेहसंमेलनात आपले मूल प्रथमच उभे राहील, तेव्हा त्या स्नेह्याची जागा आपली आहे.