हातचं खाणं: पाव, झुणका-भाकर आणि आमचा पॉटलक

गेल्या थर्टी फर्स्टला आमच्या मुलुंडच्या सोसायटीत पॉटलक ठरला आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर तीन दिवस भांडण झालं. व्हेज-नॉनव्हेज टेबल वेगळी, इथवर ठीक होतं. मग एकाने लिहिलं, ‘ज्यांच्या घरी मच्छी शिजते, त्यांच्याकडची भाजीही नको.’ झालं! शेवटी कॅटरर बोलावला. त्याच्या किचनमध्ये काय शिजतं, ते मात्र कुणी विचारलं नाही. सगळे एकत्र जेवले, पण कुणी कुणाच्या हातचं खाल्लं नाही.

खरी गोम इथेच आहे. आपल्याकडे भेद पदार्थापेक्षा हातात जास्त असतो. कुणी शिजवलं, पाणी कुणी दिलं.

मुंबईत हे फार आधी ओळखलं गेलं होतं. १८४९ मध्ये दादोबा पांडुरंग आणि मंडळींनी परमहंस सभा काढली. जातिभेद मोडायचा, म्हणून नव्या सभासदाला ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे. हो, पावच! आज आपण वडापाव हाणताना बेकरीवाल्याची जात विचारत नाही, पण तेव्हा त्या एका घासावर वाळीत पडायची वेळ यायची. म्हणून सगळं गुपचूप. १८६० च्या सुमारास सभेची कागदपत्रं चोरीला गेली, म्हणजे आजच्या भाषेत डेटा लीक. नावं फुटणार या धास्तीने सभाच मोडली. मी त्यांना भित्रे म्हणणार नाही. पण शेजाऱ्यापासून लपवून खाल्लेल्या घासाने शेजारी कसा बदलणार?

१९४० च्या दशकात ‘निर्भीड’ साप्ताहिकाचे संपादक अनंत हरी गद्रे यांनी नेमकं उलटं केलं. लोक त्यांना समतानंद म्हणत. त्यांनी झुणका-भाकर सत्यनारायण सुरू केला. पूजेला दलित जोडपं, प्रसाद झुणका-भाकर, आणि सगळं उघड, चारचौघांत. मला यातली युक्ती आवडते. सत्यनारायणाचा प्रसाद नाकारायचा नसतो, हे कथा ऐकलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं ना! शिवाय दलित जोडपं इथे कोपऱ्यात बसवलेलं पाहुणं नव्हतं, पूजेचं यजमान होतं.

पण एक पंगत झाली की जात गेली, असंही नाही हं. १९३६ च्या ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये बाबासाहेबांनी स्पष्ट लिहिलं, की सहभोजनाने जात मरत नाही, खरा उपाय आंतरजातीय विवाह. मला ते पटतं. एका ताटात जेवणारे मित्रही लग्नाच्या वेळी आडनाव बघतातच की.

तरी यंदा मी ग्रुपवर लिहिलंय: कॅटरर नको, प्रत्येकाने घरचं आणायचं, वाढायचंही आपणच. सात घरांनी हो म्हटलंय. आई वालाचं बिरडं करणार आहे. समोरच्या बेननी अजून उत्तर दिलेलं नाही. आमच्याकडे त्या चहा घेतात, जेवायला कधी बसल्या नाहीत. रविवारी मी स्वतः जाऊन विचारणार आहे.