घाशीरामाचा परवाना

रंगमंचावरच्या दुष्ट पात्राला पाहताना प्रेक्षकाला जे समाधान लाभते, ते बहुधा नीतीचे नसून हिशेबाचे असते. ‘हा नराधम आणि मी वेगळे’ अशी खातरजमा तो तिकिटाच्या मोलात करून घेतो आणि निश्चिंत मनाने घरी जातो. १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात रंगमंचावर आलेल्या ‘घाशीराम कोतवाल’ या नाटकात विजय तेंडुलकरांनी ही सोय ठेवली नाही.

इतिहासातला घाशीराम हा नाना फडणवीसांच्या अमदानीतला पुण्याचा कोतवाल. १७९१ साली काही तैलंगी ब्राह्मण त्याच्या कैदेत गुदमरून मेले आणि खवळलेल्या जमावाने त्याला दगडांनी ठार केले. तेंडुलकरांना बखर लिहायचीच नव्हती. तेव्हा नाटकातल्या नानांना दफ्तरातले कागद लावून ज्यांनी वाद माजवला, आणि ज्यांच्यामुळे एकोणीस प्रयोगांनंतर ते बंद पडले, त्यांनी भलत्याच आरोपीची चौकशी केली, असे मला वाटते.

नाटकातला घाशीराम पुण्यात येतो तो पोटासाठी आलेला एक परदेशी कनोजी ब्राह्मण म्हणून. चोरीचा खोटा आळ, शिपायांचा मार आणि शहराबाहेर हकालपट्टी एवढे पदरात पडल्यावर सुडाने पेटलेला हा माणूस पोटची पोर, ललितागौरी, नानांच्या वासनेपुढे ठेवतो आणि मोबदल्यात कोतवाली मागून घेतो. पुढे त्याचा अंमल सुरू होतो तो मात्र आरडाओरड्याने नव्हे, तर परवान्यांनी. रात्री घराबाहेर पडावयाचे तर परवाना हवा, आणि तो नसेल तर कोठडी. ज्याच्यावर एकदा चोरीचा आळ आला होता, तोच आता चोरीच्या आरोपातील ब्राह्मणाच्या हातावर तापलेला लोखंडी गोळा ठेववून दिव्य करवतो. सोसलेल्या अन्यायाने माणूस हळवा होतो, ही आपली आवडती समजूत आहे. येथे अन्याय हा त्याने गिरवलेला धडा ठरतो, आणि मुलीच्या मृत्यूनंतर तर त्या क्रौर्याला कारणाचीही गरज उरत नाही.

तरीही या नाटकातले सर्वांत भयंकर पात्र घाशीराम नव्हे, आणि त्याच्या खांद्यावरून नेम धरणारे, वेळ येताच त्याच्याच मृत्युदंडाच्या हुकुमावर सही करणारे नानाही नव्हेत. ते पात्र म्हणजे ओळीने उभे राहून गाणारे, डुलणारे ब्राह्मण. कधी ते पुण्याची वस्ती होतात, कधी पडदा होतात. हेच लोक रात्री बावनखणीत, कलावंतिणींच्या वस्तीत, रंगतात, सकाळी सोवळे सांभाळतात, घाशीरामाच्या जुलमाखाली रडतात आणि अखेरीस हाती दगड घेतात. शिवाय आड काही घडावयाचे असेल तेव्हा प्रेक्षकांकडे पाठ फिरवून ते भिंत बनतात; रंगभूमीची ही एक सोय, परंतु ओठांवर हरिनाम ठेवून पाठ फिरवणाऱ्या माणसांखेरीज दुसऱ्या कशाने ती साधली असती, तर ती निव्वळ सोयच राहिली असती. घाशीरामाला क्रूर होण्यासाठी निदान एक अपमान लागला. या भिंतीला तेवढेही लागले नाही.

घाशीराम मारला जातो, नाना शांतपणे उत्सवाची आज्ञा देतात आणि तीच रांग पुन्हा नाचू लागते. या नाटकाचा प्रयोग पाहण्याचा योग आलाच, तर वाचकहो, कोतवालावरची नजर काढून थोडा वेळ मागच्या त्या रांगेतले चेहरे एकेक करून पाहा.