सोयाबीनच्या पट्टीतला टीव्ही

सोयाबीनची पट्टी हातात पडली की लातुरात पावलं गंजगोलाईकडे वळतात, नांदेडात वजिराबादकडे. उधारी-उसनवारी फिटली, लेकराबाळांचे कपडे झाले, की उरलेल्यात टीव्ही बसतो का, याचा हिशेब सुरू होतो. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. तेवढा पदरात पडला, तरी चोवीस हजारांच्या टीव्हीपायी साडेचार क्विंटल माल जातो.

एक सवलत खरी आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. २०,००० मूळ किमतीवर आधी ५,६०० कर लागायचा, आता ३,६०० लागतो. ३२ इंचांपर्यंतच्या टीव्हीवर मात्र १८ टक्केच होता. तिथे कुणी करकपातीची पाटी लावली असेल, तर ती वाचून पुढे चला.

दुकानात पहिला मारा होतो तो ‘फोर-के’चा. फोर-के पडद्यावर आडवे ३,८४० ठिपके असतात, फुल एचडीवर १,९२०. पण ते वेगळे दिसायला डोळा जवळ हवा. ४३ इंची फुल एचडी पडद्यापासून साडेपाच-सहा फुटांपलीकडे बसलात, तर निकोप नजरेलाही ठिपके सुटे दिसत नाहीत. दहा बाय बाराच्या खोलीत आपण भिंतीला टेकून आठ-नऊ फुटांवर बसतो. त्या अंतरावर ३२ इंची एचडी रेडीसुद्धा स्वच्छ दिसतो. त्यात घरी डीडी फ्री डिश असेल, तर बहुतेक वाहिन्या ५७६ ओळींच्याच येतात. पडदा जितका मोठा, तितकं ते चित्र ताणलं जातं. म्हणून दुकानदाराने लावलेला फुलपाखरांचा झगमगीत व्हिडिओ बंद करायला सांगा आणि म्हणा, ‘भाऊ, साधं सह्याद्री लावून दाखवा.’ शिवाय दुकानात चित्राचा भडकपणा मुद्दाम चढवलेला असतो. तो ‘स्टँडर्ड’वर आणून मगच दोन टीव्ही शेजारी शेजारी बघा. बाजूला सरकूनही बघा. आपल्याकडे क्रिकेटच्या मॅचला घरातले, शेजारचे मिळून दहा जण बसतात, आणि काही पडदे कडेने पाहिले की फिके पडतात. पुढच्या खुर्चीवरच्याला हे कधीच कळत नाही.

अ‍ॅपसाठी जास्त पैसे मोजू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. बऱ्याच स्वस्त स्मार्ट टीव्हींत एकच जीबी रॅम असते, ते लवकरच अडखळू लागतात. पुढे अ‍ॅप चालवणारी वेगळी स्टिक मागे खोचली की काम भागतं. पडदा असा बदलता येत नाही. तो फुटला किंवा गेला, तर दुरुस्तीचा आकडा जवळजवळ नव्या टीव्हीपर्यंत पोचतो. म्हणून पॅनेलची वॉरंटी किती वर्षांची, आणि दुरुस्ती करणारा माणूस नांदेड-लातुरातच आहे की हैदराबादहून यायचा आहे, हे आधी विचारा. देगलूर, उदगीरकडच्यांनी तर दोनदा.

नावावर जाऊ नका. कोडॅक, थॉमसन ही नावं जुनी आणि परदेशी, पण इथले टीव्ही परवाना घेऊन भारतातली एक कंपनी बनवते. ते वाईटच असतात असं नाही. फक्त नावाचे पैसे देऊ नका. आणि मोठं नावही बुडतं. व्हिडिओकॉन तर आपल्या मराठवाड्याचं, पैठण रस्त्यावर चितेगावला कारखाना होता. २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली.

‘नो-कॉस्ट’ हप्त्यांतही गोम असते. रोखीने घेणाऱ्याला मिळणारी सूट बऱ्याचदा हप्तेवाल्याला मिळत नाही, वर प्रोसेसिंग फी. दोन्ही भाव कागदावर मागा.

विजेचं भय मात्र थोडं चुकीच्या जागी आहे. बऱ्याच नव्या टीव्हींच्या पाठीवर १०० ते २४० व्होल्ट असं छापलेलं असतं. तसं असेल तर कमी दाबासाठी वेगळ्या स्टॅबिलायझरची गरज सहसा पडत नाही. खरा घात होतो तो लाइट गेल्यावर परत येताना बसणाऱ्या झटक्याने, आणि वळवाच्या विजांनी. स्पाइक गार्ड लावा, पण घराला अर्थिंग नसेल तर त्याचा फारसा उपयोग नाही. गडगडाट सुरू होण्याआधीच पिन काढा. आणि आग्नेयेकडे तोंड करून छतावर बसलेल्या त्या डिशची वायरसुद्धा काढा. वीज तिच्यातूनही घरात उतरते.