सेवेनचे डोंगर: निसर्ग की माणसाची मेहनत?

आज आपण दक्षिण फ्रान्समधल्या सेवेन नावाच्या डोंगराळ मुलखात जाऊ. हा तसा आडबाजूचा भाग. १८७८ साली रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन हा लेखक एका गाढवीला सोबत घेऊन इथून पायी गेला. त्या वाटेने आजही लोक चालतात.

तिथे दिसतं काय? एका बाजूला चुनखडीची उघडी, गवताळ पठारं. त्यांना चिरत गेलेल्या तार्न आणि जोंत नद्यांच्या खोल घळी. दुसरीकडे उभ्या दऱ्या, चेस्टनटची झाडी आणि उताराला चिकटलेली दगडी गावं. पठारावर लाकूड दुर्मिळ, म्हणून तिथल्या जुन्या घरांची छपरंसुद्धा दगडी कमानींवर पेललेली.

पाहणारा म्हणतो, वा, काय निसर्ग आहे! इथेच आपण जरा थांबूया. पठारावरचं गवत टिकतं ते मेंढ्यांमुळे. त्या झुडपांचे कोवळे कोंब खातात. जिथे कळप यायचे थांबले, तिथे झुडपं आणि पाइन वाढून माळ झाकला जातो. दरीतली चेस्टनटची झाडंही मुद्दाम लावलेली. त्याला तिथे 'भाकरीचं झाड' म्हणत, कारण धुरावर वाळवलेल्या चेस्टनटवर हिवाळा निघायचा. उतारावरची माती धरून ठेवतात ते दगडी बांध, चुना न वापरता रचलेले.

मग ही गावं ओस का पडली? एकोणिसाव्या शतकात रेशमाच्या किड्यांवर रोग आला. १८६५ पासून लुई पाश्चर यांनी आलेस इथे त्यावर संशोधन केलं, उपायही शोधला. पण परदेशी रेशमापुढे धंदा पूर्वीसारखा उभा राहिला नाही. माणसं खाणींकडे, शहरांकडे गेली. बांध ढासळू लागले.

गिधाडांचंच बघा ना. ती इथून नाहीशी झाली होती. १९८० च्या दशकात जोंतच्या घळीत पुन्हा सोडली गेली आणि रुळली. ती जगतात मुख्यतः मेलेल्या मेंढ्यांवर. म्हणजे मेंढपाळ टिकला तर गिधाडही टिकेल.

१९७० साली इथे राष्ट्रीय उद्यान झालं. त्याच्या गाभ्यातही लोक राहतात, शेती करतात. २०११ साली युनेस्कोने या प्रदेशाला जागतिक वारसा मानलं, तेही पशुपालनातून घडलेली भूमी म्हणून.

तेव्हा कधी गेलात, तर दरीचे फोटो जरूर काढा. पण कुरणाचं फाटक मागे लावून घ्या, गावात मुक्काम करा, तिथलं बकरीच्या दुधाचं चीज विकत घ्या. समोरचा देखावा त्या कमाईवरच उभा आहे.